ट्रेलर जोडला की मागचा कॅमेरा आंधळा: डॅशकॅमबद्दल वाचकांचे प्रश्न

लांबच्या प्रवासाच्या तयारीवर लिहिलं तेव्हा डॅशकॅमचा, म्हणजे काचेवर बसून प्रवास रेकॉर्ड करणाऱ्या कॅमेऱ्याचा, उल्लेख जेमतेम एका ओळीत होता आणि पत्रं मात्र त्या एका ओळीवरच येऊन पडली. सारखे प्रश्न एकत्र केलेत. ट्रेलर, कॅराव्हॅनवाल्यांना (कॅराव्हॅन म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) जास्त जागा दिलीये, कारण त्यांचं दुखणं वेगळंच आहे आणि विकणारे त्यावर धड काही बोलत नाहीत.

प्रश्न: फोरके घ्यावा की साधा फुल एचडी पुरे? खोक्यावर सगळेच फोरके लिहितात.

लिहितात खरं, पण खोक्यावर छापलंय म्हणजे आतला सेन्सरही फोरकेच आहे असं धरून चालू नका. फोरके म्हणजे ३८४० बाय २१६०, त्याला ८ मेगापिक्सेलचा सेन्सर लागतो, आणि बरेच स्वस्त कॅमेरे कमी पिक्सेलचं चित्र ताणून तेवढं मोठं करतात, फाइल मोठी होते पण त्यात नवीन काहीच दिसत नाही. म्हणून सेन्सरचं नाव शोधा. सोनीच्या स्टारविस २ या सेन्सर-मालिकेतला आयएमएक्स ६७८ हा ८ मेगापिक्सेलचा आणि आयएमएक्स ६७५ हा ५ मेगापिक्सेलचा. कंपनी सेन्सरचं नावच सांगत नसेल तर मी तरी पुढे जाणार नाही.

आता सगळे ज्यासाठी फोरके मागतात ती गोष्ट, नंबरप्लेट. दिवसा ठीक. रात्री उजेड कमी म्हणून कॅमेरा शटर जास्त वेळ उघडं ठेवतो आणि समजा ते १/३० सेकंद राहिलं आणि गाडी ताशी ७२ किलोमीटरने म्हणजे सेकंदाला २० मीटर चाललीये, तर एका फ्रेममध्ये गाडी जवळपास ६७ सेंटिमीटर पुढे सरकते, म्हणजे प्लेटच्या लांबीहूनही जास्त. समोरून येणाऱ्याचा वेग त्यात मिळवा. अशा वेळी पिक्सेल कितीही असले तरी आकडे फरफटलेलेच येणार. यावर सगळ्यात भरवशाचा उपाय फुकटातला आहे: माइक चालू ठेवा आणि नंबर दिसला की मोठ्याने वाचा, गाडीचा रंग आणि मॉडेलही बोलून टाका. तो आवाज रेकॉर्डमध्ये राहतो.

माझं मत विचाराल तर चांगल्या सेन्सरचा १४४०पी (फुल एचडी आणि फोरके यांच्या मधला) कॅमेरा बहुतेकांना पुरतो. लेन्सचा कोन १४० अंशांच्या आसपास बस झाला, त्याहून रुंद घेतला तर फुटपाथसुद्धा दिसतो पण पुढची गाडी खेळण्याएवढी होते. आणि एक बघाच, आत लिथियम बॅटरी आहे की सुपरकपॅसिटर. उन्हात बंद करून ठेवलेल्या गाडीची काच केवढी तापते ते हात लावून बघा, लिथियमची बॅटरी तिथे फुगते. कपॅसिटरवालाच घ्या.

प्रश्न: आम्ही गाडीमागे कॅराव्हॅन जोडून फिरतो. पुढचा-मागचा असा जोडीचा डॅशकॅम घेतला, पण मागच्या कॅमेऱ्यात दिवसभर कॅराव्हॅनचा पत्राच दिसतो. तोच कॅमेरा कॅराव्हॅनच्या मागे नेता येईल का? केबल पुरत नाहीये.

नका नेऊ. जोडीतला मागचा कॅमेरा गाडीच्या आत, काचेमागे बसण्यासाठी बनवलेला असतो, पावसात आणि चिखलात तो टिकत नाही आणि केबल वाढवून जोड मारले की चित्र कधी येतं कधी जातं. त्याला आहे तिथेच राहू द्या, अगदीच वाया नाही जात तो. कॅराव्हॅन मागे डोलायला लागली की ती किती आणि कधीपासून डोलत होती ते त्याच्यात अगदी स्वच्छ दिसतं, आणि वजन पुढे-मागे चुकीचं भरलंय का हे ताडायला ते फुटेज कामाला येतं.

कॅराव्हॅनच्या मागे काय चाललंय त्यासाठी मला सगळ्यात आवडणारा मार्ग म्हणजे दुसरा, पूर्ण स्वतंत्र डॅशकॅम. कॅराव्हॅनच्या मागच्या खिडकीला आतून लावायचा आणि तिच्याच १२ व्होल्टच्या बॅटरीवर, एक स्विच आणि फ्यूज मध्ये टाकून, चालवायचा. गाडीचा आणि त्याचा काही संबंध नाही, हिच (गाडी आणि कॅराव्हॅन जोडणारा सांधा) सोडली तर काही काढायचं नाही, जोडली तर काही लावायचं नाही, फक्त निघताना स्विच टाकायची सवय लावायची. दोन्ही कॅमेरे जीपीएसवाले घ्या म्हणजे दोघांची घड्याळं जुळतात, नाहीतर पुढच्यात धडक १० वाजून ४ मिनिटांनी आणि मागच्यात ९ वाजून ५१ मिनिटांनी असला घोळ होतो. उणीव एकच, चालवताना मागचं लाइव्ह दिसत नाही.

लाइव्ह हवंच असेल, किंवा मागे खिडकीच नसेल, तर ट्रकवाले वापरतात ती पद्धत: मागे वॉटरप्रूफ एएचडी (केबलवरून एचडी चित्र पाठवणारा) कॅमेरा, केबिनमध्ये स्क्रीन आणि रेकॉर्डर, आणि मध्ये ४ पिनच्या, फिरवून घट्ट करायच्या कनेक्टरची केबल. कॅमेरा निदान आयपी ६७ चा (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) हवा, प्रेशर वॉशर मारणार असाल तर आयपी ६९के बघा. हिचपाशी सरळ वायर ठेवायची नाही, टेलिफोनच्या रिसीव्हरला असायची तशी वेटोळ्यांची कॉइल केबल लावायची. ती बसवली की मोकळ्या मैदानात जाऊन स्टिअरिंग पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे तोडून गाडी हळूहळू फिरवा आणि दुसऱ्या कोणाला तरी बाहेर उभं करून बघायला सांगा, वळणाच्या बाहेरच्या बाजूला केबल ताणली जाते का आणि सरळ झाल्यावर रस्त्याला घासते का. दोन्हीपैकी काहीही होत असेल तर पहिल्याच प्रवासात ती तुटणार.

वायरलेस म्हणाल तर रिव्हर्स घ्यायला ठीक आहे. पण २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल, मध्ये अख्खी ॲल्युमिनियमची पेटी आणि वर लांबी, त्यामुळे चित्र अडकतं, आणि यातले बरेच सेट रेकॉर्ड करतच नाहीत, नुसतं दाखवतात. घेताना हे आवर्जून विचारा.

करंट कुठून घ्यायचा यावर चार पत्रं होती म्हणून थोडं सविस्तर. टेललाइटच्या वायरला टोचून घेऊ नका. एकतर दिवसा लाइट बंद की कॅमेरा बंद, आणि नव्या गाड्या बल्ब गेलाय का ते सतत तपासत असतात, त्यात उपरं काही जोडलं की डॅशबोर्डवर वॉर्निंग यायला लागतात. तुमच्या गाडीला युरोपियन पद्धतीचं १३ पिनचं सॉकेट असेल तर ९ नंबरच्या पिनला कायमचा करंट आणि १० नंबरला चावी फिरवल्यावर येणारा, त्यांच्या अर्थच्या (निगेटिव्ह) पिना अनुक्रमे १३ आणि ११. मात्र सॉकेट असलं तरी आतून या पिना जोडलेल्या असतीलच असं नाही, मल्टिमीटर लावून बघा. ७ पिनच्या सॉकेटचे तर प्रकार आहेत, काहींत जादा पुरवठ्याची पिन असते, काहींत नुसते लाइट. आणि अर्थ वायरनेच न्या, हिचच्या बॉलवर विसंबू नका, त्याला ग्रीस असतं, गाडी हलली की अर्थ तुटतो.

प्रश्न: गाडी पार्क केल्यावरही रेकॉर्डिंग हवंय. मित्र म्हणतो बॅटरी उतरेल. खरं काय?

मित्र अर्धा बरोबर आहे. पार्किंग मोडमध्ये कॅमेरा साधारण ०.३ अँपिअर खातो असं धरा, २४ तासांत ७.२ अँपिअर-अवर झाले. ६० अँपिअर-अवरच्या बॅटरीला एक रात्र काहीच वाटणार नाही, पण गाडी चार दिवस हलवली नाही तर निम्मी बॅटरी गेली आणि थंडीत सकाळी नुसतं खट्ट वाजणार. त्यासाठीच हार्डवायर किटमध्ये, म्हणजे कॅमेरा थेट गाडीच्या फ्यूज बॉक्सला जोडायच्या वायरींच्या संचात, व्होल्टेज कट-ऑफ असतो, बॅटरी ठरावीक व्होल्टेजखाली गेली की तो कॅमेरा बंद करतो. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली असताना १२.६ व्होल्टच्या वर दाखवते आणि १२.२ ला ती साधारण निम्म्यावर असते, तेव्हा कट-ऑफ १२.२ च्या खाली ठेवायचाच नाही, आणि ट्रेलर ओढणाऱ्यांनी १२.४ ठेवावा. मुक्कामाला थांबल्यावर ट्रेलरचा प्लगही काढून ठेवा, नाहीतर त्या ९ नंबरच्या पिनेतून ट्रेलरमधलं काहीबाही रात्रभर गाडीचीच बॅटरी पीत बसतं.

किटला तीन वायरी असतात: कायमचा करंट, चावीचा करंट आणि अर्थ. रंगांवर जाऊ नका, कंपनीगणिक बदलतात, वायरीवरचं लेबल वाचा. करंटच्या दोन्ही वायरी फ्यूज बॉक्समध्ये फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसून जादा वायर काढून देणारा जोड) लावून जोडायच्या. फ्यूज मिनी, लो-प्रोफाइल मिनी, मायक्रो २ अशा मापांचे असतात, त्यामुळे आपला एक फ्यूज काढून शेजारी धरूनच टॅप घ्या. एअरबॅग, एबीएस, इंजिनचा कंप्युटर, स्टिअरिंग यांच्या फ्यूजला हात लावायचा नाही, चार्जिंग सॉकेट किंवा सनरूफ असलं काही निवडा. कायमचा करंट कुठला हे तपासताना गाडी लॉक करून अर्धा तास थांबा आणि मग मीटर लावा, कारण हल्लीच्या गाड्यांत काही सर्किटं लॉक केल्यावरही बराच वेळ जागी असतात आणि नंतर झोपतात. घाईत मोजलं की तीच कायमची वाटतात. अर्थ रंग नसलेल्या धातूवर, गाडीच्याच बोल्टखाली.

हे वाचून पोटात गोळा आला असेल तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा, तासाभराचं काम आहे. नुसतं चालत्या गाडीतलं रेकॉर्डिंग हवं असणाऱ्यांनी तर यात पडूच नये, लायटरच्या सॉकेटमध्ये कॅमेऱ्याबरोबर आलेलाच चार्जर लावला की झालं.

प्रश्न: काचेवर नेमका कुठे लावायचा? माझा दोनदा गळून पडला.

आरशाच्या मागे, ड्रायव्हरच्या नजरेआड, पण वायपर जिथपर्यंत पुसतो त्याच्या आत. काचेच्या वरच्या कडेला काळ्या ठिपक्यांची पट्टी असते तिथे टेप नीट धरत नाही, तुमचा बहुधा त्यामुळेच पडला असणार. काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, काच फार गार नसताना चिकटवा, चांगलं दाबा, आणि जमलं तर नुसता माउंट एक रात्र राहू देऊन दुसऱ्या दिवशी कॅमेरा अडकवा. त्या टेपला पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात. लेन पाळायला आणि ब्रेक मारायला मदत करणारा गाडीचा स्वतःचा कॅमेरा तिथेच असेल तर त्याच्यासमोर काही येऊ देऊ नका.

केबल छताच्या लायनिंगच्या कडेतून खोचत ए-पिलरपर्यंत (पुढच्या काचेच्या बाजूचा खांब) न्यायची. इथे सावध. पिलरच्या आत पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असू शकते, केबल तिच्यावरून गेली तर उघडताना ती अडेल किंवा केबलच तोंडावर फटकन बसेल. केबल एअरबॅगच्या मागून जायला हवी, आणि आत काय आहे ते कळत नसेल तर दाराच्या रबर बीडिंगमधून खाली उतरवा. रेडिओ खरखरायला लागला तर केबल काचेतल्या अँटेनापासून लांब न्या, केबलवर फेराइटची कडी (खरखर दाबणारी चुंबकीय रिंग) घाला. आणि डॅशबोर्डचं प्रतिबिंब काचेत पडून चित्र पांढुरकं येत असेल तर सीपीएल फिल्टर (लेन्सवर लावायची, चकाकी कमी करणारी काच) लावा, तो फिरवून जुळवायचा असतो, नुसता लावून काही होत नाही.

प्रश्न: स्पीड रेकॉर्ड होतो तो ठेवावा का? आवाजाचं काय?

स्पीड दोन्ही बाजूंनी बोलतो, तुम्ही हळू होतात हेही आणि नव्हतात हेही. तो आकडा दाखवणं बंद करता येतं. पण जीपीएस चालू राहू द्या, कारण वेळ आणि जागा बिनचूक येणं सगळ्यात मोलाचं. २०१३ साली रशियात चेल्याबिन्स्कवर उल्का फुटली तेव्हा शास्त्रज्ञांनी तिचा मार्ग काढला त्यात लोकांच्या डॅशकॅमची फुटेजं होती. सहप्रवाशांचा आवाज घेण्याबद्दल आणि काचेवर कॅमेरा लावण्याबद्दल देशोदेशी नियम वेगळे आहेत, काही ठिकाणी फारच कडक, सीमा ओलांडणार असाल तर निघायच्या आधी बघून घ्या.

प्रश्न: मागून एकाने ठोकलं. घरी येऊन बघितलं तर नेमकी तीच क्लिप नाही. कॅमेरा खराब आहे का?

कॅमेरा नाही, कार्ड. डॅशकॅम जुनं पुसून त्यावरच नवीन लिहीत असतो. ३० एमबीपीएसला (सेकंदाला ३० मेगाबिट) तासाला साडेतेरा जीबी जातात, म्हणजे १२८ जीबीत नऊ-साडेनऊ तास, कॅमेरे दोन असतील तर त्याच्या निम्मेच. एवढं सतत लिहिणं मोबाइलच्या साध्या कार्डाला झेपत नाही, ते गुपचूप मरतं आणि कॅमेऱ्याचा लाल दिवा मात्र लुकलुकत राहतो. हाय एन्ड्युरन्स (सतत लिहिणं सोसणारं) लिहिलेलं, व्ही३० चं (सेकंदाला निदान ३० एमबी लिहिणारं) कार्ड घ्या, आणि महिन्यातून एकदा फॉरमॅट करा, कंप्युटरवर नाही, कॅमेऱ्यातच.

दुसरं कारण जी-सेन्सर. धक्का बसला की तो क्लिप लॉक करतो, म्हणजे ती पुसली जात नाही, पण सेन्सिटिव्हिटी हाय असली तर प्रत्येक खड्डा, हिचचा प्रत्येक गचका त्याला अपघात वाटतो आणि लॉक केलेल्या फाइलींनी त्यांची जागा भरून जाते. मग काही कॅमेरे लॉक केलेल्यातली जुनी पुसतात, काही लॉक करणंच थांबवतात. ट्रेलरवाल्यांनी सरळ लो ठेवा आणि हवी ती क्लिप बटण दाबून स्वतः लॉक करा.

यापुढे असं काही झालंच, तर लोकांची विचारपूस झाली की जागेवरच आधी ते बटण दाबा, मग रेकॉर्डिंग बंद करून क्लिप मोबाइलवर उतरवा, आणि घरापर्यंत त्याच कार्डावर चालवत येऊ नका. एक रिकामं कार्ड ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवलेलं असलं तर तिथल्या तिथे बदलता येतं. विम्यावाल्यांना द्यायची ती मूळ फाइलची कॉपी, व्हॉट्सॲपवरून दाबून बारीक झालेली नको.