लिख्टी, लिची आणि रखुमाई

प्रश्न असा आहे: आर्ब्रोथ या स्कॉटिश फुटबॉल क्लबाला मराठीत कुणी 'रेड लिचीज' लिहितं, कुणी 'रेड लायटीज'. यातलं बरोबर कुठलं? आणि हे नाव लाल जर्सीमुळे पडलं का?

दोन्ही चूक. जर्सी किरमिजी आहे, पण नावाशी तिचा संबंध नाही. शब्द आहे 'लिख्टी'. स्कॉट्स भाषेत प्रकाशाला, दिव्याला 'लिख्ट' म्हणतात आणि त्यातला मधला उच्चार 'लॉख'मधला आहे, घशातून घासत येणारा 'ख'. रोमन लिपीत सी-एच दिसलं की 'च' लावून मोकळं व्हायचं, ही आपल्याकडची खोड जाता जात नाही. लिची हे फळ आहे. उत्तर समुद्राच्या काठावरच्या मासेमारांच्या गावात ते कुठून येणार? 'लायटीज' लिहिणाऱ्यांनी निदान अर्थ धरला, पण गावाचा शब्द इंग्रजी करून टाकला.

'रेड लिख्टी' म्हणजे लाल दिवेवाला. आर्ब्रोथचा कुठलाही माणूस रेड लिख्टीच. १८७८ साली निघालेल्या क्लबाला हे नाव गावाकडून मिळालं.

आता खरी गंमत. लिख्ट, इंग्रजी लाइट, जर्मन लिख्ट, लॅटिन लुक्स हे सगळे एका आदिम धातूचे वंशज आहेत. आपल्याकडे 'ल'चा 'र' होऊन तोच धातू 'रुच्' म्हणून आला. मूळच्या 'क'चा इकडे 'च' झाला, तिकडे 'ख'. रुच् म्हणजे झळकणं. आवडण्याचा अर्थ मागाहून चिकटला. रुच्‌वरून 'रुक्म', म्हणजे झळाळणारं आणि म्हणून सोनं. रुक्मवरून रुक्मिणी, आणि रुक्मिणीची रखुमाई. आर्ब्रोथचा लिख्टी आणि पंढरपूरची रखुमाई एका घरचे आहेत! 'रखुमाई'चा संबंध राखण्याशी जोडण्याचा मोह होतो, पण त्याला व्युत्पत्तीचा काडीचाही आधार नाही.

मग लाल दिवा कुठला? गावात दोन कथा चालतात. पहिली आर्ब्रोथच्या मठाची. विल्यम द लायन या राजाने ११७८ साली तो स्थापला. त्याच्या उंच भिंतीत एक मोठी गोल खिडकी आहे, तिला 'राउंड ओ' म्हणतात. तिथे जाळ पेटवून जहाजांना वाट दाखवत, असं सांगतात. ही कथा वाचकांपुढे निर्विवाद म्हणून ठेवणाऱ्या माहितीपत्रकांचा मला मनापासून राग येतो. जाळाचा उजेड पिवळा असतो, नारिंगी असतो. नावात 'लाल' ठासून सांगितलं आहे त्याचं काय? शिवाय सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेनंतर मठ ओस पडला. दुसरी कथा बंदरातल्या लाल कंदिलाची. ती पुष्कळ बरी.

माझं अनुमान तिसरं आहे. आर्ब्रोथपासून सुमारे १८ किलोमीटरवर समुद्रात बेल रॉक नावाचा खडक आहे. भरतीला तो पूर्ण बुडतो, म्हणूनच जहाजांचा काळ. रॉबर्ट स्टीव्हन्सनने १८०७ पासून तिथे दीपस्तंभ उभारला. त्याचे दगड आर्ब्रोथलाच घडवले जात आणि बोटीने खडकावर नेले जात. १ फेब्रुवारी १८११ ला दिवा लागला. दुसऱ्या कुठल्या दीपस्तंभाशी घोटाळा होऊ नये म्हणून त्याच्या फिरत्या चौकटीला काही बाजूंनी लाल काचा बसवल्या होत्या, त्यामुळे उजेड आळीपाळीने पांढरा आणि लाल दिसे. दीपस्तंभावरच्या लोकांची कुटुंबं आर्ब्रोथच्या सिग्नल टॉवरमध्ये राहत. ज्या गावाने लाल दिवा दगड घडवण्यापासून उभा केला आणि माणसं पाठवून चालवला, त्या गावाला शेजारच्यांनी 'लाल दिवेवाले' म्हणणं मला सर्वांत सयुक्तिक वाटतं. बंदराच्या कंदिलाचे पक्षपाती हे मानणार नाहीत. कंदील तर कितीतरी बंदरांत होते, एवढंच त्यांना विचारायचं आहे.

क्लबाचं नाव निघालं की ३६-० येणारच. १२ सप्टेंबर १८८५, स्कॉटिश कप, समोर अ‍ॅबर्डीनचा बॉन अ‍ॅकॉर्ड. आर्ब्रोथच्या जॉन पेट्रीने एकट्याने १३ गोल केले. गोलाला तेव्हा जाळी नव्हती, म्हणजे गोल झाला की चेंडू मागे धावत जाऊन आणायचा! 'बॉन अ‍ॅकॉर्ड' म्हणजे सलोखा. अ‍ॅबर्डीन शहराचं ते ब्रीदवाक्य. त्याच दिवशी शेजारच्या डंडी शहरात डंडी हार्पने अ‍ॅबर्डीन रोव्हर्सवर ३५ गोल चढवले. मात्र ३६-० ला सरसकट 'जागतिक विक्रम' लिहू नका. २००२ साली मादागास्करमध्ये एका संघाने निषेध म्हणून स्वतःवरच गोल मारत सुटून १४९-० असा निकाल लावला. स्पर्धा म्हणून खेळलेल्या सामन्यात आर्ब्रोथचा मान मोठाच आहे, तो तसाच सांगावा.

लिहिताना 'रेड लिख्टी' लिहा, अनेकवचनातही. शेपटीला इंग्रजी 'ज' नको. आणि याच आंगस परगण्यातल्या फॉर्फरच्या क्लबाला 'लून्स' म्हणतात त्याचं भाषांतर 'वेडे' करू नका. तिकडच्या बोलीत 'लून' म्हणजे पोरगा.