टोमॅटो वाहणाऱ्या पिकअपला कोणते ऑल-टेरेन टायर जास्त टिकतील?

तुम्ही कंपनीचे नाव विचारले आहे, आणि पावसाळ्यात शेतातून माल काढून घाटाने बाजारात न्यावा लागतो म्हणून ऑल-टेरेन (सडक आणि कच्ची वाट दोन्हींसाठीच्या) टायरची नक्षी खोल हवी, असेही लिहिले आहे. माझे स्पष्ट मत असे की पिकअपचा टायर नक्षीवरून निवडूच नये. आधी साइडवॉलवरचा, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवरचा, लोड इंडेक्स (एक टायर किती भार पेलतो ते सांगणारा आकडा) वाचावा, मग ‘एलटी’ म्हणजे ‘लाइट ट्रक’ ही अक्षरे आणि प्लाय रेटिंग (टायरची ताकद किती थरांइतकी आहे तो आकडा) पाहावे, आणि नक्षीचा विचार शेवटी करावा.

आमच्या दाजींशी माझा हा जुना वाद आहे. जुन्नर तालुक्यातून टोमॅटो घेऊन आम्ही दोघेही माळशेज घाटाने कल्याणला जातो. त्यांच्या गाडीला 215/75 आर 15 मापाचे टायर लागतात, आणि नेमके हेच माप काही प्रवासी जीपगाड्यांनाही बसते. घोटाळा होतो तो इथेच. दुकानदाराने मोठमोठ्या ठोकळ्यांच्या नक्षीचे, दिसायला दणकट टायर दाखवले, माप जुळले आणि दाजींनी ते घेतले. त्यांवर लोड इंडेक्स 100 होता, म्हणजे एका टायरला 800 किलो. काढलेल्या एलटी टायरांवर तो 106 होता, म्हणजे 950 किलो. मी हे त्याच दिवशी त्यांना दाखवले, तेव्हा ‘सहा आकड्यांनी काय होते’ असे उत्तर मिळाले. मागच्या दोन टायरांचे मिळून 300 किलो कमी होतात. 20 किलोचे 65 क्रेट भरले की 1300 किलो माल होतो, त्यातला बहुतेक भार मागच्या चाकांवर येतो, आणि गाडीचे स्वतःचे वजन त्यात मिळवले की त्या दोन टायरांची 1600 किलोंची मर्यादा सहज ओलांडली जाते.

घाट उतरून मुरबाडच्या अलीकडे त्यांचा मागचा डावा टायर फुटला. मी माझी गाडी घेऊन पोहोचलो तेव्हा पाऊस चालू होता, तरी रबराचा जळका वास येत होता. नक्षीचे ठोकळे नव्यासारखे शाबूत होते आणि साइडवॉल मात्र कडेकडेने जवळजवळ पूर्ण गोल फाटली होती. एकेक क्रेट माझ्या हौद्यात चढवून आम्ही बाजार गाठला तोवर लिलाव उरकला होता, आणि तो माल पडेल भावाने द्यावा लागला.

नक्षीबद्दल सांगायचे तर तुमची गाडी बहुतेक वेळ डांबरावरच धावणार आहे. तेव्हा मधली पट्टी सलग आणि कडांना मध्यम ठोकळे, अशी नक्षी पुरते. फार खोल, सुट्या ठोकळ्यांचा टायर भाराखाली अधिक तापतो, आणि ओल्या डांबरावर त्याची पकडही कमी पडते. काळी माती तर ऑल-टेरेन नक्षीत गच्च भरते आणि टायर गुळगुळीत होऊन जागच्या जागी फिरतो. त्यापेक्षा गाडी सडकेवर उभी करून क्रेट ट्रॅक्टरने बांधावरून आणावेत. खाणीची किंवा ताज्या खडीची वाट रोजची असेल तर मात्र ठोकळे तुटणार नाहीत असे रबर आणि जाड साइडवॉल यांसाठी जास्त पैसे मोजावेत.

कंपनीच्या नावावर मी भांडणार नाही. एमआरएफ, सीएट, अपोलो, जेके या सगळ्यांचे पिकअपचे एलटी टायर मिळतात. उत्पादनाची तारीख तेवढी तपासा. 2324 असे चार आकडे असतील तर तो टायर 2024 च्या 23व्या आठवड्यातला आहे.

एक गोष्ट राहिली. लिहिलेला भार टायर पेलतो तो पुरेशी हवा असेल तरच, आणि ती थंड टायरमध्ये गाडीच्या तक्त्याप्रमाणे भरलेली असावी. शिवाय जास्त इंडेक्सचा टायर बसवला म्हणून आरसीवरची वजनमर्यादा वाढत नाही.

जुने टायर रिमवरून उतरवाल तेव्हा आतून हात फिरवून पाहा. खड्ड्याचा मार बसला असेल तर एकाच जागी चीर किंवा फुगा दिसतो. भार जास्त किंवा हवा कमी असताना टायर चालला असेल तर आत रबराचा भुगा हाताला लागतो. दाजी आजही खड्ड्यालाच दोष देतात, पण त्यांचा टायर उतरवताना पंक्चरवाल्याने आतून मूठभर भुगा काढला होता आणि तो आम्ही दोघांनीही पाहिला आहे.