हाकेला येणारा कारवान: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

या खेपेला आलेली बहुतेक पत्रं कारवान कुत्र्यांच्या पिल्लांविषयी आहेत. कोणी कारवान लिहितं, कोणी करवानी, कर्नाटकाच्या बाजूचे वाचक मुधोळ म्हणतात, लांब केसांचा असेल तर पश्मी. शिकवण्यापुरते हे सगळे एकच धरायचे: लांबवरचं नजरेनं हेरून पळत गाठणारी कुत्री. वास काढत फिरणाऱ्या लॅब्राडोरसाठी सांगितलेले धडे यांना जसेच्या तसे चालत नाहीत.

प्रश्न (लातूर जिल्हा): नऊ आठवड्यांची मादी आणली आहे. गावात सगळे म्हणतात, सहा महिन्यांपर्यंत काही शिकवू नका, पिल्लू बिघडतं. शिवाय घरी कोणी आलं की ती बाजेखाली जाऊन बसते.

उत्तर: सहा महिने थांबलात तर सगळ्यात मोलाचा काळ हातचा जाईल. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात पिल्लू जे बघतं-ऐकतं ते त्याला पुढे आयुष्यभर ओळखीचं वाटतं. कारवान जात मुळातच परक्याला अंगाला हात लावू देत नाही. त्यात हा काळ कोरडा गेला तर ती सावध न राहता भित्री होते, आणि भित्रं कुत्रं एक दिवस चावतं.

अडचण लसींची असते. पहिली एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांत, मग दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत. रेबीजची तीन महिने पूर्ण झाल्यावर. तोवर उकिरडा, गटार, गावातली कुत्री जिथे बसतात तो पार, या जागी पिल्लाला खाली सोडू नका, कारण पार्व्हो या जुलाब-उलट्यांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो. पण कडेवर घेऊन फिरायला काहीच हरकत नाही. एसटी स्टँडच्या बाहेर दहा मिनिटं उभं राहा, ट्रॅक्टर सुरू होताना वीस पावलांवरून दाखवा, पिठाची गिरणी ऐकवा. एका वेळी एकच नवी गोष्ट, आणि ती दिसली की लगेच तोंडात हरभऱ्याएवढा उकडलेल्या चिकनचा तुकडा. पिल्लू खायचं थांबलं तर समजायचं, आपण फार जवळ आलो, मागे सरायचं.

बाजेखालून तिला ओढून काढू नका. पाहुण्यांना सांगा: बघायचं नाही, बोलायचं नाही, जमिनीवर बसून आपल्या बाजूला एक-दोन तुकडे टाकायचे. ती स्वतः जवळ आली तर हात छातीखालून, डोक्यावरून कधीच नाही. आणि चापट मारायची नाही. हाताचा मार खाल्लेला कारवान हाताजवळ यायचंच सोडतो, आणि मग पुढच्या पत्रातली अडचण तुमच्याही दारात उभी राहते.

प्रश्न (जत, जि. सांगली): साडेपाच महिन्यांचा नर आहे. घरात नाव घेतलं की येतो. शेतात सोडला की शंभर हाका मारल्या तरी मान वळवत नाही.

उत्तर: कानांत दोष नाही. घरात हाक ऐकण्याशिवाय त्याला दुसरं काही नसतं. उघड्या रानात अर्ध्या किलोमीटरवरची हालचाल त्याला दिसते. शिवाय शंभर हाका मारून तुम्ही त्याला शिकवलंत की हाक म्हणजे नुसता आवाज. तेव्हा जुना शब्द सोडून द्या आणि शिट्टीवर नव्यानं सुरुवात करा. शिट्टी रागावत नाही, धापा टाकत नाही आणि वाऱ्यावरही लांब जाते.

पहिले दहा-बारा दिवस शिट्टी फक्त जेवणाशी जोडायची. दोन आखूड फुंकरा, आणि दोन सेकंदांत थाळी जमिनीवर. या वयात दिवसाला तीन जेवणं असतात, म्हणजे तीनदा सराव फुकटात होतो. मग दुसऱ्या खोलीतून, मग अंगणातून. शिट्टीला धावत यायला लागला की शेतात न्यायचं, पण दहा मीटरच्या दोराला. बैलांचा जुना सुती कासरा चालतो, बारीक मिळाला तर उत्तम. नायलॉनचा नको, हात भाजतो. शेवटाला गाठ किंवा फास ठेवू नका, बाभळीच्या खुंटाला अडकतो. दोर गळ्यातल्या पट्ट्याला न बांधता छातीच्या हार्नेसला बांधा. हे पिल्लू चार ढांगांत वेग घेतं आणि दोर संपला की सगळा हिसका मानेवर येतो.

आला की आधी पट्ट्याला हात, मग घास. हा क्रम उलटा झाला तर घास घेऊन हातभर अंतरावरून निसटणारा कुत्रा तयार होतो, आणि असे कारवान पुष्कळ आहेत. घास दिल्यावर पाचातल्या चार वेळा पुन्हा मोकळं सोडा. बोलावणं म्हणजे दर वेळी घरी जाणं, हे त्याच्या डोक्यात बसता कामा नये. आंघोळ, इंजेक्शन, बांधणं यासाठी शिट्टी वाजवायची नाही, स्वतः चालत जाऊन आणायचं. येणार नाही अशी खात्री असेल तेव्हाही वाजवायची नाही.

चुकून दोर सुटलाच तर मागे धावू नका, तुम्ही हरणारच. पाठ फिरवून उलट दिशेला पळा, ओरडा, खाली बसा. पळणाऱ्याच्या मागे लागणं त्याच्या रक्तात आहे, ते आपल्या कामी लावायचं.

सहा ते दहा महिन्यांच्या दरम्यान नीट येणारं पिल्लूही एकदम बहिरं झाल्यासारखं वागतं. हे वय असतं. महिना-दोन महिने पुन्हा दोर लावा.

प्रश्न (सांगोला, जि. सोलापूर): चार महिन्यांचं पिल्लू कोंबड्यांच्या मागे लागतं, एक मारली. गळ्यात लोढणं अडकवावं का? वडील म्हणतात, ससा दाखवला की कोंबडी सोडेल.

उत्तर: लोढणं नको. ते पुढच्या पायांवर आपटतं. या जातीच्या पायांची हाडं लांब आणि बारीक, त्यांची वाढ वर्षापर्यंत चालू असते. तिथे बसलेला मार कायमचा राहतो. आणि लोढणं काढलं की कोंबडी आहेच.

सशाचं तर डोक्यातूनच काढा. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 प्रमाणे ससा मारणंच नव्हे, त्याच्यावर कुत्रं घालणं, पाठलाग करणं, तसा प्रयत्न करणं हीसुद्धा शिकारच धरली जाते. शिवाय सशामागे धावलेला कारवान कोंबडी सोडत नाही; त्याला पळणारं सगळंच चालतं. पाठलागाचं बक्षीस पाठलागातच असतं, म्हणून प्रत्येक यशस्वी धाव तुमचा पंधरा दिवसांचा सराव पुसून टाकते.

तेव्हा पहिलं काम म्हणजे कोंबड्या आणि मोकळं पिल्लू एकत्र येऊ न देणं. दुसरं, त्याचा चेहरा वाचायला शिका. धावण्याआधी तो थिजतो: कान वर, तोंड बंद, मान पुढे, शेपटी स्थिर, कधी पुढचा एक पाय उचललेला. हे एक-दोन सेकंद तुमचे. तेवढ्यात शिट्टी ऐकू येते. पाय सुटल्यावर काहीच ऐकू येत नाही. पिल्लाला दोरावर घेऊन खुराड्यापासून पंचवीस-तीस पावलांवर बसा. कोंबडीकडे बघून त्यानं स्वतःहून नजर तुमच्याकडे वळवली की घास. घास नाकारला तर आणखी दहा पावलं मागे. रोज पाच मिनिटं, अंतर आठवड्याला चार-पाच पावलांनी कमी. शेळ्यांशीही असंच, करडं उड्या मारतात म्हणून ती सगळ्यात शेवटी.

पळायची भूक कुठेतरी भागायला हवी. चार फुटांच्या काठीला दोरी, दोरीला चिंधी, आणि ती मऊ जमिनीवर सरपटत फिरवायची, तीन-चार मिनिटं, जेवणानंतर निदान तासभर सोडून. चिंधी हवेत उडवायची नाही, झटक्यानं वळवायची नाही. पकडू द्या, मग घासाच्या बदल्यात "सोड" शिकवा. हा शब्द तोंडात कोंबडी असतानाही उपयोगी पडतो.

प्रश्न (पुणे): पट्टा मागे सरकून डोक्यावरून निघतो. घट्ट केला तर खोकतो. "बस" म्हटलं तर बसत नाही.

उत्तर: कारवानचं डोकं मानेइतकंच अरुंद असतं, साधा पट्टा निघणारच. मार्टिंगेल प्रकारचा, दीड-दोन इंच रुंद पट्टा घ्या. ओढला की ठरावीक मापापर्यंतच आवळतो. तो मानेच्या वरच्या भागात, कानांच्या मागे बसला पाहिजे आणि आत दोन बोटं गेली पाहिजेत. पिल्लू वाढतं, दर आठवड्याला माप बघा. रस्त्यावर हार्नेसही घाला आणि दोन्हींना जोड द्या.

बसण्याचा हट्ट सोडा. मांड्या लांब, ढुंगणावर चरबी नाही, फरशी गार आणि गुळगुळीत. त्याला ते टोचतं. त्याऐवजी उभ्या-उभ्या "थांब" शिकवा. बसवायचंच असेल तर सतरंजीवर, आणि तिथेही आडवं होणं त्याला जास्त सोपं जातं.

प्रश्न (नाशिक): ज्वारीची भाकरी आणि ताक एवढ्यावर जुने लोक कारवान वाढवत. आम्हीही तेच देतो. पुढचे पाय बाहेर वळू लागलेत.

उत्तर: आजच पशुवैद्यांकडे न्या. भाकरीत स्फुरद भरपूर आणि कॅल्शियम जवळपास नाही. वाढत्या हाडांना ते परवडत नाही. तयार पिल्लांचं खाद्य सुरू केलंत तर वरून कॅल्शियमच्या गोळ्या आपल्या मनानं देऊ नका, जास्तीनंही हाडं बिघडतात. बरं होईपर्यंत जिना आणि उड्या बंद.

प्रश्न (लेस्टर, इंग्लंड): ग्रेहाउंड आणि कोली (मेंढ्या हाकणारं कुत्रं) यांच्या संकराचं बारा आठवड्यांचं लर्चर पिल्लू घेतलंय. वरचंच लागू का?

उत्तर: जवळपास सगळं. कोलीचा अंश असल्यानं ते लवकर शिकेल आणि लवकर कंटाळेल. एकच गोष्ट सलग तीन-चारदा झाली की थांबा. सायकली आणि गाड्यांवर डोळा ठेवण्याची सवय कोलीकडूनच येते, तिचा सराव कोंबड्यांसारखाच लांबून करा. तिकडे खरा धोका मेंढ्यांचा. मेंढ्यांच्या कुरणात कुत्रं मोकळं असणं एवढंही गुन्हा ठरू शकतं, म्हणून कुंपण दिसलं की दोर. 2004 च्या हंटिंग अ‍ॅक्टनुसार इंग्लंड-वेल्समध्ये रानसशांमागे, म्हणजे हेअरमागे, कुत्रं सोडण्यास बंदी आहे.

थंडीत अंगावर कोट लागेल, चरबी नसते. आणि नसबंदी किंवा कुठल्याही शस्त्रक्रियेआधी पिल्लात ग्रेहाउंडचं रक्त आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. भुलीची काही औषधं या कुत्र्यांच्या शरीरातून फार हळू उतरतात.