करार संपला, पवनचक्की फिरतेच आहे

प्रश्न : ढालगावच्या पठारावर आमच्या भागीदारी फर्मची एक पवनचक्की आहे. वितरण कंपनीबरोबरचा तेरा वर्षांचा वीजखरेदी करार मार्चमध्ये संपला. वीज अजून ग्रीडमध्ये जाते, पण क्रेडिट नोट (ग्रीडमध्ये गेलेल्या युनिटांची कंपनीने दिलेली नोंद) मिळत नाही. जुन्या बिलांचे पैसे सात-आठ महिने उशिरा मिळाले, व्याज दिलेच नाही. नवा करार हवा तर ‘मागील व्याजावर हक्क सांगणार नाही’ असे हमीपत्र पाचशेच्या मुद्रांकावर मागतात. आमचे वकील लवाद नेमायला सांगतात. मेहुण्यांची कुपवाड एमआयडीसीत फौंड्री आहे, त्यांना वीज विकता येईल का?

उत्तर : हमीपत्रावर सही करू नका. नंतर ‘दबावाखाली केली’ म्हणता येते, पण ते सिद्ध करता करता नाकी नऊ येतात.

मार्चनंतरच्या युनिटांबाबत मात्र तुमची बाजू लंगडी आहे. ‘वीज त्यांनी विकली, मग पैसे का नाहीत?’ असे प्रत्येक पवनचक्कीवाला विचारतो आणि वकील लगेच करार कायद्याचे कलम 70 (फुकट न दिलेल्या गोष्टीचा लाभ घेणाऱ्याने मोबदला द्यावा) काढतात. पण इंडो रामा सिंथेटिक्सच्या प्रकरणात विद्युत अपील न्यायाधिकरणाने 2011 मध्येच सांगितले आहे की करार आणि संमती नसताना ग्रीडमध्ये सोडलेल्या विजेचा मोबदला मागता येत नाही. मागणी आणि पुरवठा सतत जुळवत बसणाऱ्या ग्रीडला अशी न मागितलेली वीज म्हणजे डोकेदुखीच. मार्चनंतर कंपनीच्या माणसाने जॉइंट मीटर रीडिंगवर, म्हणजे दोघांनी मिळून घेतलेल्या मीटरच्या नोंदीवर, सही केली आहे का? ‘करार प्रक्रियेत आहे, चालू ठेवा’ असा एखादा ईमेल? असेल तर लढायला जागा आहे. नसेल तर आजच लेखी विचारणा करा आणि उत्तर येईपर्यंत चक्की बंद ठेवा. वारा चांगला असताना हे जिवावर येईल, कल्पना आहे.

आता व्याज. लवादाची नोटीस काढू नका. गुजरात ऊर्जा विकास निगम विरुद्ध एस्सार पॉवर (2008) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिले आहे की वीजनिर्माता आणि परवानाधारक (तुमच्या बाबतीत वितरण कंपनी) यांच्यातला वाद वीज कायद्याच्या कलम 86(1)(एफ) खाली राज्य वीज नियामक आयोगच ऐकेल, किंवा आयोग नेमेल तो लवाद. करारातले लवादाचे कलम या तरतुदीसमोर चालत नाही. म्हणजे याचिका मुंबईत, आयोगापुढे.

आणि ती लवकर. सर्वोच्च न्यायालयाच्या लँको कोंडापल्ली निकालापासून (2015) आयोगापुढच्या अशा दाव्यालाही दिवाणी दाव्याचीच मुदत लागते, म्हणजे साधारण तीन वर्षे. कंपनीने मुदत संपण्यापूर्वी थकबाकी मान्य करून सहीचे पत्र दिले असेल तर मुदत तिथून नव्याने मोजतात, म्हणून बाकी पडताळणीचे जुने कागद शोधा. दुसरे, 3 जून 2022 च्या विलंब अधिभार (म्हणजे उशिराचे व्याज) नियमांनुसार आलेली रक्कम आधी अधिभारात आणि मग सर्वांत जुन्या बिलात वळती होते. तुमच्या हिशेबनिसाने बहुधा सगळी रक्कम मुद्दलात धरली असेल. त्या तारखेपासून खाते पुन्हा मांडून घ्या : व्याज फिटलेले दिसेल आणि बाकी राहील ती अलीकडच्या बिलांची. समोरचा वकील हरकत घेईलच, पण मांडणी नियमाला धरून आहे.

फौंड्रीला वीज विकता येते. एन्रॉनच्या काळी खासगी प्रकल्पाला गिऱ्हाईक एकच होते, वीज मंडळ. 2003 च्या कायद्याने निर्मितीचा परवाना काढून टाकला आणि कलम 10(2) ने थेट ग्राहकाला विकण्याची मुभा दिली. मात्र ओपन ॲक्सेसने, म्हणजे वितरण कंपनीच्या तारा वापरून दुसऱ्याची वीज घेताना, मेहुण्यांना वहनशुल्काबरोबर क्रॉस सबसिडी अधिभारही (स्वस्त दराच्या ग्राहकांचा भार उचलण्यासाठीची आकारणी) पडेल, आणि तो भरून हिशेब बसतोच असे नाही. तो टाळायचा तर कॅप्टिव्ह, म्हणजे स्वतःच्या वापरासाठीची निर्मिती : फौंड्रीकडे चक्कीची किमान 26 टक्के मालकी हवी आणि दर आर्थिक वर्षात निदान 51 टक्के वीज तिनेच वापरायला हवी. एका वर्षी एक अट हुकली तर त्या वर्षीच्या सगळ्या विजेवर अधिभार. तुम्ही कंपनी नाही, फर्म आहात, त्यामुळे नुसते शेअर लिहून देऊन भागणार नाही. प्रत्यक्ष मालकी आणि ताबा दिसावा लागतो, म्हणजे भागीदारीपत्र बदलावे लागेल. नावापुरता वाटा दाखवून नंतर तो परत घेण्याचा विचार असेल तर आत्ताच सोडा.

वीज एक्स्चेंजचा (विजेच्या खरेदी-विक्रीच्या बाजाराचा) नाद तूर्त नको. तिथे पंधरा-पंधरा मिनिटांच्या ब्लॉकची बोली लागते, आणि एकट्या चक्कीचा अंदाज चुकला की विचलन आकार, म्हणजे कळवलेल्या आणि प्रत्यक्ष विजेतल्या फरकाचा भुर्दंड, बसतो.

मूळ करार, क्रेडिट नोटा आणि बँकेचे उतारे तारखेनुसार लावून ठेवा. सर्वांत जुन्या थकीत बिलाची तारीख कळली की याचिका किती घाईने दाखल करायची ते सांगता येईल.