पुश-स्टार्ट गाडी चोरीला जाऊच शकत नाही, हे कितपत खरं?

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी सरळ देतो. शोरूममधल्या माणसाने तुम्हाला सांगितलं की "साहेब, हिच्यात इमोबिलायझर आहे, किल्लीशिवाय ही हलणारच नाही." तुम्ही विचारताय की मग सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये रात्री निर्धास्त ठेवावी का, आणि रिमोट फॉइलमध्ये गुंडाळून ठेवायचा जो सल्ला सगळीकडे फिरतोय तो पाळावा का. शोरूमवाल्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. फॉइलचा सल्ला चोरीच्या एका प्रकारावर लागू पडतो, बाकीच्यांवर त्याचा काही उपयोग नाही. गाड्यांचं वायरिंग आणि कंट्रोल युनिट हे माझं रोजचं काम, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी खरं अर्धं. किल्लीच्या प्लास्टिकच्या मुठीत एक बारीक चिप असते. तिला बॅटरी लागत नाही, इग्निशनभोवतीच्या कॉइलमधूनच तिला वीज मिळते. गाडी तिला एक आकडा पाठवते, चिप गुप्त सूत्राने त्याचं उत्तर काढून परत पाठवते. उत्तर जुळलं नाही तर इंजिनचं कंट्रोल युनिट, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक, इंजिन चालू होऊ देत नाही. यालाच इमोबिलायझर म्हणतात. युरोपात १९९८ पासून नव्या गाड्यांना हे सक्तीचं झालं. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात त्यामुळे गाडी चोरीला जाण्याची शक्यता सुमारे ४० टक्क्यांनी घटल्याचं दिसलं.

तो नसला की काय होतं हे अमेरिकेने दाखवलं. तिथे इमोबिलायझरची सक्ती नव्हती, आणि ह्युंदाई व किया यांनी २०११ ते २०२१ या काळातल्या साध्या किल्लीच्या बऱ्याच मॉडेलांत तो दिलाच नाही. मिलवॉकी शहरातल्या पोरांना हे कळलं. स्टेअरिंगखालचं कव्हर उपटायचं, इग्निशनचा सिलिंडर काढायचा आणि आतला खुंटा यूएसबी केबलच्या टोकाने फिरवायचा, की गाडी चालू. २०२२ मध्ये हे व्हिडिओ टिकटॉकवर पसरले आणि शहरामागून शहरात या गाड्या उचलल्या जाऊ लागल्या. त्यातून अपघात झाले, माणसं गेली. शेवटी फेब्रुवारी २०२३ मध्ये सुमारे ८३ लाख गाड्यांसाठी सॉफ्टवेअर अपडेट जाहीर करावं लागलं. शेजारच्या कॅनडात मात्र २००७ पासून इमोबिलायझर कायद्याने बंधनकारक होता, म्हणून त्याच कंपन्यांच्या तिथल्या गाड्यांत तो होता आणि ही युक्ती तिथे चालली नाही. एका छोट्या चिपचे पैसे वाचवल्याची किंमत ग्राहकांनी आणि रस्त्यावरच्या लोकांनी मोजली. याचा मला आजही राग येतो.

तेव्हा इमोबिलायझर निरुपयोगी आहे असा अर्थ काढू नका. अडचण अशी की तो फक्त किल्ली आणि गाडी यांच्यातलं संभाषण तपासतो. आजचे चोर ते गुप्त सूत्र फोडायच्या फंदात सहसा पडतच नाहीत, ते त्याला वळसा घालून जातात.

वळशाचा पहिला मार्ग म्हणजे तुमचा फॉइलवाला. तुम्ही दाराच्या हँडलला हात लावता तेव्हा गाडी अगदी कमी वारंवारतेवर, साधारण १२५ किलोहर्ट्झवर हाक देते. ती हाक एक-दोन मीटरच पोचते, म्हणून तिला उत्तर मिळालं की गाडी समजते, मालक जवळच उभा आहे. रिमोटचं उत्तर मात्र जास्त वारंवारतेवर येतं आणि पुष्कळ लांब जातं. चोर दोघं असतात. एक जण अँटेना घेऊन तुमच्या घराच्या दाराशी, दुसरा गाडीपाशी. गाडीची हाक उचलून ते घरात टेबलावर पडलेल्या रिमोटपर्यंत पोचवतात आणि रिमोट इमानदारीने बरोबर उत्तर देतो. कोणताही कोड फुटलेला नसतो, फक्त अंतर खोटं झालेलं असतं. २०११ मध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी ८ कंपन्यांची १० मॉडेलं घेऊन हे करून पाहिलं आणि दहाही उघडून चालू झाली. त्यानंतर जर्मनीच्या एडीएसी या वाहनधारकांच्या संघटनेने शेकडो मॉडेलं तपासली, त्यातलीही बहुसंख्य याच पद्धतीने उघडली. एकदा इंजिन चालू झालं की रिमोट लांब गेला तरी गाडी बंद पडत नाही. चालत्या गाडीत इंजिन बंद पडणं जिवावर बेतेल म्हणून तसं मुद्दाम केलेलं असतं, आणि ते योग्यच आहे.

फॉइल किंवा जाळीचं अस्तर असलेली पिशवी इथे कामाची आहे, पण ती तपासून घ्या. रिमोट पिशवीत घालून गाडीला खेटून उभे राहा आणि हँडल दाबा. दार उघडलं तर पिशवी टाकून द्या. कपाटातली दुसरी किल्लीही विसरू नका, तीसुद्धा रात्रभर तितक्याच तत्परतेने उत्तर देत असते. काही रिमोटमध्ये हालचाल ओळखणारा सेन्सर असतो आणि काही मिनिटं हलला नाही की रिमोट झोपी जातो. काही नव्या गाड्यांत अल्ट्रा-वाइडबँड तंत्र आलंय, ज्यात सिग्नलला जायला-यायला लागलेल्या वेळावरून खरं अंतर मोजलं जातं. हा उपाय मुळावरचा आहे. तुमच्या मॉडेलात यातलं काय आहे ते लेखी विचारा. बऱ्याच गाड्यांत की-लेस सोय बंदही करता येते, मग बटण दाबूनच दार उघडावं लागतं.

दुसरा मार्ग आपल्याकडे जास्त चालतो. उत्तर भारतात पोलिसांनी पकडलेल्या टोळ्यांकडे काय सापडतं ते वाचत जा: किल्ली प्रोग्रॅम करायचे टॅबलेट, कोऱ्या किल्ल्या, बनावट नंबरप्लेट. पद्धत अशी की काच फोडायची, आत शिरायचं, डॅशबोर्डखाली मेकॅनिक जिथे स्कॅनर लावतो त्या ओबीडी पोर्टला टॅबलेट जोडायचा आणि गाडीला नवी किल्ली शिकवायची. हे उपकरण मुळात कायदेशीर आहे. तुमची किल्ली हरवली तर किल्लीवाला तेच वापरतो. त्यामुळे सगळीकडे ते बंद करून टाका म्हणणं सोपं नाही. कंपनीबाहेरच्या साध्या गॅरेजला दुरुस्तीचा हक्क हवा असेल तर तो पोर्ट उघडा ठेवावाच लागतो. ब्रिटनमध्ये २०१२ च्या सुमारास बीएमडब्ल्यू गाड्या याच पोर्टमधून चोरीला जात होत्या. किल्ली फॉइलमध्ये असो की बँकेच्या लॉकरमध्ये, या चोराला तिच्याशी कर्तव्यच नसतं.

तिसरा मार्ग माझ्या मते सगळ्यात शिकवणारा आहे, कारण तो गाडीच्या रचनेतच आहे. लंडनमध्ये इयान टेबर नावाचा वाहन-सुरक्षेतलाच एक संशोधक राहतो. २०२२ मध्ये त्याच्या टोयोटा आरएव्ही-४ चा बंपर कुणीतरी ओढून हेडलाइटची वायर उपसलेली त्याला दिसली. त्याला ती टवाळखोरी वाटली. पुन्हा एकदा तसंच झालं, आणि जुलैमध्ये गाडीच गेली. त्याने टोयोटाच्या ॲपवर गाडीने पाठवलेले बिघाडाचे कोड काढून पाहिले. चोरीच्या वेळी हेडलाइटसह अनेक युनिटांचा एकमेकांशी संपर्क तुटल्याच्या नोंदी तिथे होत्या. मग त्याने चोर वापरतात तसं एक उपकरण मिळवलं. ते जेबीएलच्या ब्लूटूथ स्पीकरच्या खोक्यात दडवलेलं होतं. पोलिसांनी अडवलं तर हातात नुसता स्पीकर! केन टिंडेल या सहकाऱ्याबरोबर त्याने ते उलगडलं आणि एप्रिल २०२३ मध्ये सगळं जाहीर केलं.

आत काय होतं ते समजायला गाडीतली कॅन बस माहीत हवी. इंजिन, ब्रेक, दारं, दिवे, प्रत्येकाचं स्वतंत्र कंट्रोल युनिट असतं आणि ती सगळी दोन तारांच्या एका सामाईक जोडीवर बोलतात. बॉशने ही पद्धत १९८६ मध्ये जगापुढे मांडली. वायरिंगचं वजन वाचलं, भरवसा वाढला, आणि ती इतकी भक्कम निघाली की आजही जवळपास प्रत्येक गाडीत आहे. मात्र त्या काळी गाडीबाहेरचा कुणी या तारांवर येऊन बोलेल असा विचार नव्हता, म्हणून संदेश कुणी पाठवला हे तपासायची सोयच मूळ रचनेत नाही. चाळीत कुणी "पाणी आलं!" म्हणून ओरडलं की सगळे बादल्या घेऊन धावतात, ओरडलं कोण हे कुणी विचारत नाही. कॅनवर तसंच चालतं. त्या स्पीकरमधलं सर्किट हेडलाइटच्या वायरमधून बसवर शिरायचं, बाकीच्यांचा आवाज दाबायचं आणि किल्लीच्या युनिटच्या नावाने सांगायचं, "किल्ली तपासली, बरोबर आहे." इंजिन विश्वास ठेवायचं. दारं उघडायचा हुकूमही तिथूनच. ना रिमोट, ना फुटलेली काच. हेडलाइट त्याच बसवर का? कारण आजचे हेडलाइट नुसते बल्ब राहिलेले नाहीत, ते स्वतः कंट्रोल युनिट आहेत, आणि गाडीबाहेरून हात पोचेल अशा जागी आहेत.

यावरचा खरा इलाज कंपन्यांच्या हातात आहे: किल्लीसंबंधीच्या संदेशांवर सांकेतिक सही हवी, किंवा निदान बाहेरून हात पोचणाऱ्या तारा आतल्या महत्त्वाच्या तारांपासून गेटवेने, म्हणजे मध्ये बसून संदेश गाळणाऱ्या युनिटने, तोडायला हव्यात. नव्या रचनांत हे होऊ लागलंय. पण रस्त्यावर असलेल्या लाखो गाड्या तशाच राहणार. आणि दोष लपवून तो जात नाही. २०१३ मध्ये फोक्सवॅगनने लंडनच्या हायकोर्टातून मनाई आणून मेगामॉस या इमोबिलायझर चिपच्या कमजोरीवरचा शोधनिबंध अडवला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या दोन वर्षांत ती चिप असलेल्या गाड्यांच्या मालकांना नेमका धोका काय हे कळायची सोय नव्हती. हे मला पटत नाही. ग्राहकाला माहीत असलं तर तो निदान आपल्यापरीने आडकाठी घालतो.

आता तुम्ही काय करायचं? माझं ठाम मत, पहिला खर्च जाडजूड स्टेअरिंग लॉकवर किंवा चांगल्या गिअर लॉकवर करा. लोकांना ते जुनाट वाटतं. पण वर सांगितलेल्या तिन्ही वाटांनी आलेला चोर इंजिन चालू करून बसतो आणि लोखंडासमोर अडतो. ते कापायला वेळ लागतो, आवाज होतो, आणि चोराला नेमक्या त्याच दोन गोष्टी नको असतात. शिवाय ते बाहेरून दिसतं. दुसरं, ओबीडी पोर्टवर लोखंडी कव्हरचं कुलूप मिळतं ते बसवा. तिसरं, फ्युएल पंपाच्या लाइनवर लपवलेला स्विच. हा फार प्रभावी आहे, पण वायर कापून जोडणारा इलेक्ट्रिशियन जाणकार हवा, आणि वॉरंटीवर काय परिणाम होईल ते सर्व्हिस सेंटरला आधी विचारून घ्या. वायर कापावी लागणार नसेल अशी कपलरवाली सोय मिळाली तर तीच घ्या.

जीपीएस ट्रॅकर लावा, पण ओबीडीत खोचायचा नको, चोराचा हात पहिल्यांदा तिथेच जातो. खोल कुठेतरी, स्वतःची बॅटरी असलेला हवा. तो चोरी थांबवत नाही आणि जॅमरपुढे, म्हणजे सिग्नल दाबणाऱ्या उपकरणापुढे, गप्पही होतो, शोधायला मदत मात्र करतो. गाडी शक्यतो तोंड भिंतीकडे करून लावा, म्हणजे हेडलाइटच्या तारांपर्यंत हात पोचणं अवघड होतं. आणि बंपर किंवा चाकावरची फेंडरची लायनिंग कारण नसताना सुटलेली दिसली तर कुत्रा-मांजर म्हणून सोडून देऊ नका. सोसायटीच्या सीसीटीव्हीत बघा आणि गाडी काही दिवस दुसरीकडे लावा.

सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथे सांगतोच. गाडी ताब्यात आली की सर्व्हिस सेंटरला सांगून किती किल्ल्या नोंदलेल्या आहेत ते वाचून घ्या, आणि तुमच्या हातातल्या सोडून बाकीच्या रद्द करून घ्या. चोरीच्या गाड्या विकायची एक जुनी तऱ्हा अशी की अपघातात संपलेल्या, विमा कंपनीने निकाली काढलेल्या गाडीची कागदपत्रं भंगारातून घ्यायची, तशीच गाडी चोरायची आणि तिच्यावर जुना चासिस नंबर ठोकायचा. कागद खरे, गाडी चोरीची. म्हणून चासिस नंबरचा ठसा स्वतः बघा, आजूबाजूला घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा आहेत का ते पाहा, काचांवरचे आणि इंजिनवरचे नंबर जुळवा. एनसीआरबी, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, याच्या वाहन समन्वय या सेवेवर गाडी चोरीची म्हणून नोंदलेली आहे का तेही बघता येतं.

विम्याचं शेवटचं. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात चोरीची भरपाई नसते, हे अजूनही अनेकांना माहीत नाही. सर्वसमावेशक पॉलिसी हवी, आणि गाडी नवी असेल तर पूर्ण बिलाची रक्कम परत देणारं जोडकलम घ्या, नाहीतर घसारा वजा जाऊन आयडीव्हीइतकीच, म्हणजे पॉलिसीत ठरलेल्या गाडीच्या किमतीइतकीच, रक्कम मिळते. गाडी गेली तर त्याच दिवशी एफआयआर करा, विमा कंपनीला कळवा, फास्टॅग बंद करा. कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या मागते. एक हरवलेली असेल तर आजच तिची तक्रार नोंदवून नवी करून घ्या. एफआयआर वेळेत झाली असेल तर कंपनीला कळवायला उशीर झाला एवढ्याच कारणावरून दावा फेटाळता येत नाही, असा निकाल सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२० मध्ये गुरशिंदर सिंग प्रकरणात दिलाय. दाव्याची रक्कम मिळायला गाडीचा शोध लागत नसल्याचा पोलिसांचा अहवाल लागतो, आपल्याकडे त्याला 'अ समरी' म्हणतात, आणि तो कोर्टातून मंजूर व्हावा लागतो. याला महिने जातात, तोवर कर्जाचे हप्ते थांबत नाहीत. बँकेला पहिल्याच आठवड्यात लेखी कळवून ठेवा आणि तपास अधिकाऱ्याकडे दर महिन्याला चौकशी करत राहा. तुम्ही कोणतं मॉडेल घेताय ते इथे लिहिलंत तर त्याचा ओबीडी पोर्ट कुठे आहे आणि कोणतं गिअर लॉक नीट बसतं ते सांगेन.