मुपिरोसिन मलम जिवाणूंचं एन्झाइम बंद पाडतं, मग लेकराच्या पेशींना अपाय होत नाही का?

तुम्ही लिहिलंय की चार वर्षांच्या मुलीच्या नाकाखाली फोड येऊन त्यावर मधासारखी पिवळी खपली धरली, डॉक्टरांनी मुपिरोसिनचं मलम दिलं, पण हे औषध प्रथिनं तयार करणारं एन्झाइम बंद पाडतं असं वाचल्यापासून ट्यूब उघडायचा धीर होत नाही. शिवाय उरलेलं मलम पुढच्या वेळेसाठी ठेवावं का, असंही विचारलंय.

मलम लावा. त्या एन्झाइमची भीती बाळगू नका. मी नांदेडला जीवरसायनशास्त्र शिकवते आणि हेच दुखणं माझ्या भाच्याला झालं होतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सुगीच्या दिवसांत सकाळी मोंढ्यात गेलात तर हमाल गोण्या उचलून गाड्या भरताना दिसतात. आता असं समजा की माल वीस प्रकारचा आहे आणि प्रत्येक मालाचा हमाल ठरलेला आहे. तुरीचा हमाल तुरीच्याच गाडीत तूर भरणार, हरभऱ्याला हात लावणार नाही. पेशीत माल म्हणजे वीस अमिनो आम्लं, गाडी म्हणजे टीआरएनए नावाचा छोटा रेणू आणि हमाल म्हणजे अमिनोअसिल-टीआरएनए सिंथेटेज ही एन्झाइम्स. भरलेल्या गाड्या रायबोसोमवर जाऊन रिकाम्या होतात आणि तिथं अमिनो आम्लं एकाला एक जोडून प्रथिन तयार होतं.

यातला आयसोल्युसिनचा हमाल मला सगळ्यात थोर वाटतो. आयसोल्युसिन आणि व्हॅलिन यांच्यात फरक फक्त एका कार्बनचा आणि दोन हायड्रोजनांचा. तरी हे एन्झाइम दोघांना वेगळं ओळखतं, आणि चुकून व्हॅलिन उचललंच तर पुन्हा तपासून टाकून देतं. वर्गात हे सांगताना मी दरवर्षी इथं थांबते, कारण एवढ्या बारीक निवडीवर आपला जीव चालतो हे मुलांना नीट कळावं असं मला मनापासून वाटतं.

मुपिरोसिन नेमकं याच हमालाला गाठतं. त्याच्या रेणूचं एक टोक आयसोल्युसिनसारखं दिसतं. एन्झाइममध्ये आयसोल्युसिन आणि एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) बसण्याची जी जागा असते, तीच ते अडवून बसतं. खरा माल उचलायला हात मोकळे राहत नाहीत, आयसोल्युसिनच्या गाड्या रिकाम्या फिरतात आणि प्रथिनाची साखळी मधेच थांबते. रिकाम्या गाड्या रायबोसोमवर येऊ लागल्या की जिवाणूला वाटतं अन्नाचा दुष्काळ पडला. पाऊस लांबला की आपण पेरणी थांबवतो, तसं तोही नवी उभारणी आवरती घेतो. मलमात औषधाचं प्रमाण 2 टक्के असतं. एवढ्या मात्रेपुढे फोडातले स्टॅफिलोकोकस आणि स्ट्रेप्टोकोकस हे जिवाणू दिवसा-दीड दिवसात मरायला लागतात.

आता तुमची मुख्य शंका. हे एन्झाइम आपल्याही पेशीत आहे, पण त्याची घडण वेगळी आहे. मुपिरोसिन त्याला फारच क्षीण चिकटतं. दुसरं म्हणजे कातडीतून ते रक्तात जवळजवळ उतरतच नाही, आणि थोडं उतरलं तरी शरीर त्याचे झटपट तुकडे करून ते निकामी करतं. म्हणूनच याची गोळी निघाली नाही, ते मलमच राहिलं. डोळ्यांत मात्र जाऊ देऊ नका. मोठ्या भाजलेल्या जखमेवरही आपल्या मनानं लावू नका. धोका औषधाचा नाही, मलमाचा आधार म्हणून वापरलेल्या पॉलिइथिलीन ग्लायकॉलचा असतो. उघड्या जखमेतून ते शोषलं गेलं तर मूत्रपिंडावर ताण येतो.

उरलेल्या मलमाबद्दल माझं मत ठाम आहे: ठेवू नका. यामागचं कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. हे औषध माणसानं शोधायच्या आधी एका जिवाणूनंच बनवलेलं आहे, स्युडोमोनास फ्लुओरेसेन्स त्याचं नाव. ब्रिटनमधल्या संशोधकांनी 1971 साली त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि 1985 मध्ये ते तिथं बाजारात आलं. आता हा जिवाणू स्वतःच्या विषानं मरत कसा नाही? त्याच्याकडे आयसोल्युसिनचा दुसरा हमाल आहे, ज्याला मुपिरोसिन अडवू शकत नाही. आणि हीच युक्ती आता काही स्टॅफिलोकोकसांकडेही आहे. मुपए नावाचं जनुक त्यांना असाच वेगळा हमाल पुरवतं. हे जनुक प्लाझ्मिडवर, म्हणजे जिवाणूतल्या डीएनएच्या छोट्या सुट्या तुकड्यावर असतं, त्यामुळे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जातं. ज्याच्याकडे ते आलं, त्याच्यावर 2 टक्क्यांच्या मलमाचाही भरवसा उरत नाही. प्रत्येक पुळीला, खरचटल्याला, डास चावल्याला थोडं थोडं मलम लावत राहिलं की साधे जिवाणू मरतात आणि हेच टिकतात. शस्त्रक्रियेआधी रुग्णाच्या नाकातले स्टॅफिलोकोकस काढायलाही हेच औषध वापरतात. तिथं ते निकामी ठरलं तर फार मोठं नुकसान आहे.

माझ्या भाच्याला आधी एका दुकानातून चिठ्ठीशिवाय तीन औषधं एकत्र असलेली, स्टेरॉइडची क्रीम दिली गेली होती. दोन दिवस लाली कमी दिसली, मग फोड हनुवटीपर्यंत पसरले. ते लेकरू रात्रभर खाजवत होतं. आजही आठवलं की जीव कळवळतो.

तुमच्या मुलीची खपली आधी कोमट पाण्याच्या ओल्या कापडानं मऊ करून अलगद काढा, मग मलमाचा पातळ थर द्या. सहसा दिवसातून तीनदा लावतात, पण तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं असेल तसं करा. नखं कापा, टॉवेल वेगळा ठेवा, नाहीतर घरातल्या दुसऱ्या लेकराला होईल. तीन ते पाच दिवसांत उतार पडला नाही, ताप आला किंवा फोड पसरले तर पुन्हा दाखवा, तेव्हा बहुधा पोटातून औषध लागेल. आणि दहा दिवसांच्या पुढे हे मलम चालू ठेवू नका.