एंजल फिश स्वतःची अंडी खातात, मग ती वेगळी काढावीत का?

तुमच्या एंजलच्या जोडीने फिल्टरच्या पाइपवर अंडी घातली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच फस्त केली, म्हणून पुढच्या वेळी ती लगेच मिथिलीन ब्लूच्या, म्हणजे बुरशी रोखणाऱ्या निळ्या औषधाच्या, बरणीत काढावीत का, असं तुम्ही विचारलंय. काढू नका. आणि ‘हे मासे आईबाप व्हायच्या लायकीचेच नाहीत’ असं जे शेवटी लिहिलंय, ते तर मला मुळीच मान्य नाही. हेच वाक्य मी माझ्या थोरल्या भावाकडून वर्षानुवर्षं ऐकत आलेय.

दादा एंजलची पिल्लं काढून दुकानांना द्यायचा. अंडी घातली की तासाभरात ती चिकटलेलं पान कापून बरणीत, वर निळं औषध, हवेचे बुडबुडे सोडणारा एअरस्टोन चालू, झालं. पिल्लं निघायची, खोटं कशाला बोलू? पण एवढी पिल्लं काढूनही एंजलचा नर पिल्लं सांभाळतो कसा, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. तेवढी सवडच तो माशांना देत नसे.

माझी जोडी दुकानातून ‘जोडी’ म्हणून आणलेली नव्हती. लहान एंजलचा घोळका वाढवला, त्यातल्या दोघांनी आपलं आपण जमवलं. एक दिवस पाहते तर टाकीचा एक कोपरा त्यांनी अडवलेला आणि बाकीचे सगळे पंपाखाली कोंडलेले. बाकीचे मी मैत्रिणीला देऊन टाकले. मग सुरू झाली ओठाला ओठ भिडवून ओढाओढ, कल्ले फुगवणं, एकमेकांसमोर अंग थरथरवणं. लोक याला भांडण समजून दोघांना वेगळं करतात, तसं करू नका. दोघांनी अॅमेझॉन स्वोर्ड या पाणवनस्पतीचं एक रुंद पान निवडलं आणि त्याला टोचून टोचून असं साफ केलं, की शेवाळाचा कण उरला नाही. दोघांच्याही पोटाखाली प्रजननाची नळी उतरली. मादीची जाड आणि बोथट, नराची बारीक आणि टोकदार. त्याआधी नर कुठला, मादी कुठली, हे छातीठोकपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. मादी पानाला पोट घासत सरकली की मागे मण्यांच्या माळेसारखी अंड्यांची ओळ चिकटलेली दिसायची, आणि तिच्या मागोमाग नर त्याच ओळीवरून अगदी सावकाश फिरायचा. दोन तास मी जागची हलले नाही. गॅसवर कुकर होता, तो मुलाने बंद केला.

पहिल्या काही खेपांना माझ्याही जोडीने अंडी खाल्ली. दर वेळी दादाचा फोन, ‘सांगितलं होतं ना?’ पण कारण डोळ्यांसमोर होतं. नव्या जोडीची बरीच अंडी फळत नाहीत, पांढरी पडतात, त्यांवर बुरशी धरते. ती वेचून खाणं हे त्यांचं कामच आहे. गणपतीत घर पाहुण्यांनी भरलं होतं, मुलं काचेवर टिचक्या मारत होती, त्या दिवशी बघता बघता सगळं पान रिकामं झालं. अंडी वाचायची नाहीत असं वाटलं की मासा ती खाऊन टाकतो, निदान अंगातली गेलेली ताकद परत येते. यात क्रूरपणा कसला?

पुढच्या खेपेला टाकीच्या तीन बाजूंना कागद लावला आणि रात्री खोलीत मंद दिवा ठेवला. पाणी २८ अंशांवर होतं. अडीच-एक दिवसांत अंडी फुटली आणि पानावर नुसती शेपट्यांची वळवळ. या वयात पिल्लं डोक्यावरच्या चिकट धाग्याने लटकलेली असतात. त्याच संध्याकाळी दादा आला, खुर्ची ओढून टाकीसमोर बसला. एक पिल्लू गळून खाली निघालं. रेतीला लागायच्या आत नराने ते तोंडात घेतलं, दोनदा चघळल्यासारखं केलं. दादा म्हणाला, ‘बघ, खाल्लं!’ नर पानापाशी गेला आणि ते पिल्लू त्याने बाकीच्यांच्या मधोमध थुंकलं. पिल्लू परत वळवळायला लागलं. दादा आजही याला योगायोग म्हणतो.

योगायोग कसला? एंजल ज्यात मोडतात, ते सिक्लिड माशांचं सगळं कूळच पिल्लं राखणारं आहे. त्याच कुळातल्या डिस्कस माशाची पिल्लं आईबापाच्या अंगावरचा चिकट स्राव खाऊन वाढतात. कोकणात खाडीतली कालुंदर आपण तळून खातो, तीही सिक्लिडच, आणि तिथेही नर-मादी दोघं मिळून अंडी राखतात. दादाला मी हे कितीदा सांगितलं. पिल्लं विकायची असतील तर बरणी ठीक आहे. पण घरात बसून बघायला मासे पाळलेत, तर बघण्यासारखं जे आहे तेच उचलून बरणीत का टाकायचं?

आता काही गोष्टी राहिल्या. दर वेळी झाडून सगळीच अंडी पांढरी पडत असतील तर तुमच्या दोन्ही माद्या असू शकतात. माद्याही जोडी जमवतात आणि अंडी घालतात. बोअरचं जड पाणी असेल तरीही अंडी कमी फळतात. टाकीत सकर, म्हणजे काचेला चिकटून शेवाळ खाणारा मासा, असेल तर तो आधी काढा, रात्री अंडी तोच साफ करतो आणि नाव आईबापाचं होतं. अंडी फुटल्यावर पाचेक दिवसांनी पिल्लं पोहायला लागतात. तेव्हा त्यांना आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या इवल्या जिवांची, ताजी पिल्लं खायला लागतात, म्हणून आर्टेमियाची अंडी आदल्या दिवशीच मिठाच्या पाण्यात घाला. कोरड्या पावडरीवर भागवू नका. आणि परत अंडी कधी घालतील म्हणाल, तर खाणं चांगलं असेल तर दहा-पंधरा दिवसांत.